वळणातला ब्रेक

पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मंडळाने एक लहानशी स्मरणिका काढली. नोकरीत भेटलेल्या, विसरता न येणाऱ्या एका माणसावर प्रत्येकाने दोन पानं लिहायची असं ठरलं होतं. मी आमच्या एका हेडक्लार्कवर लिहिलं. माणूस सज्जन, विसरभोळा. त्यांच्या हरवलेल्या छत्र्यांचे किस्से मला पाठ होते. लोकांना लेख आवडला, दोघातिघांनी फोन करून तसं सांगितलंही. पण लिहायला बसलो तेव्हा डोळ्यांसमोर हेडक्लार्क नव्हतेच. मारोतराव होते. त्यांच्यावर लिहायचं तर एक गोष्ट लिहावी लागणार, ती गाळली तर त्यांच्याबद्दलची एक ओळही खरी होत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून मी मारोतरावांनाच गाळलं. त्याआधीची पंचवीस-तीस वर्षंही मी हेच करत आलो होतो.

मारोतराव आमच्या परभणीच्या ऑफिसातले जीपचे ड्रायव्हर. ऑफिस कोणतं ते लिहीत नाही, कारण जे झालं ते ऑफिसने केलं नाही, मी केलं. गेल्या पौषात ते वालूरला, त्यांच्या गावी, वारले. मला कळलं तोवर तेराव्याचं जेवणही होऊन गेलं होतं. माझं वय आता एकाहत्तर आहे. अजून टाळत राहिलो तर हे सांगणारं कोणीच उरणार नाही.

ठेंगणे, छातीने रुंद, बोलणं बेताचं. साहेब लोकांच्या ड्रायव्हरांना एक ऐट असते, ती त्यांच्यात नव्हती. सकाळी आले की जीपभोवती एक फेरी मारायचे आणि चारही टायरांवर तळहात ठेवायचे. उपरण्याने काच पुसायचे. मग चपला काढून सीटमागे ठेवायच्या आणि अनवाणी गाडीत बसायचं. सरकारी बुटांचा जोड मिळायचा, तो ते भावाला देऊन टाकायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बूट घातला की पाय बहिरा होतो साहेब. खालचं काय बी ऐकू येत न्हाई."

हळू चालवतो तो चांगला ड्रायव्हर, असा तोवर माझा समज होता. मारोतराव हळू चालवत नसत. सरळ रस्त्याला ती जुनी जीप ताडपत्री फडफडवत सत्तर-ऐंशीने जायची. वळणातही वेग फार उतरलाय असं वाटायचं नाही, आणि तरी आपण सीटवर इकडचे तिकडे होत नसू. त्यांचं माप एकच होतं. मागे झोपलेल्या माणसाची मान हलता कामा नये.

त्या मापाची परीक्षा मी एकदा पाहिली. वरच्या ऑफिसातले एक साहेब पाथरीला पाहणीसाठी आले होते. काम लांबलं, त्यात जेवणाचा आग्रह झाला, आणि त्यांना परभणीहून दुपारची रेल्वे गाठायची होती. निघालो तेव्हा गाडी मिळणार नाही असंच सगळे धरून चालले होते. साहेब पुढे बसले आणि मानवत यायच्या आत घोरायला लागले. मी मागे बसून वेगाच्या काट्याकडे बघत होतो आणि देवाचं नाव घेत होतो. स्टेशनपुढे जीप थांबली तसे साहेब जागे झाले आणि भडकले.

"काय हो ड्रायव्हर! धक्का नाही, हिसका नाही, बैलगाडीत बसवून आणलंत का मला? गेली ना माझी गाडी?"

"न्हाई साहेब. अजून सिग्नल पडला न्हाई," मारोतराव सीटमागच्या चपला शोधत म्हणाले. "च्या घ्या निवांत. येळ हाय."

जिल्ह्यातल्या रस्त्यांवरच्या वळणांना त्यांनी नावं ठेवली होती. पूर्णा तालुक्यात चुडाव्याकडे जाताना एक पाटलाचं वळण होतं, कारण ते सगळा रस्ता स्वतःलाच मागायचं. एक होतं गुरवाचं, नुसतं वाकून नमस्कार केला की सोडून देणारं. आणि वालूरहून सेलूकडे येताना, एका चारीच्या अलीकडे, सासूचं वळण होतं. चारी म्हणजे शेतात कालव्याचं पाणी नेणारा लहान पाट.

"सासूचं का?" मी विचारलं होतं.

"लांबून लय गोड दिसतं, साहेब. या बसा म्हणतं. आत शिरलं की आवळायला लागतं."

आणि खरंच तसं होतं. सुरुवातीला ऐसपैस वाटणारं ते वळण पुढे गेल्यावर अचानक घट्ट व्हायचं.

वळणाचं शास्त्र त्यांनी मला समजावलं ते एका कडुनिंबाखाली, जेवताना. हातातली अख्खी ज्वारीची भाकर त्यांनी वर धरली. "टायरला ताकद हाय ती येवढी. एक भाकर. ब्रेकला अर्धी दिली तर वळायला अर्धीच उरती." भाकरीचे दोन तुकडे झाले. "सगळीच ब्रेकला दिली तर वळायला काय? ठेंगा! मग स्टेअरिंग कितीबी फिरवा, गाडी सरळच जाती."

"मग ब्रेक मारायचा कधी?"

"वळणाच्या आदी. सरळ रस्त्यात. काय राग काढायचाय तितका तिथंच काढा. मग पाय उचलायचा, गेअर टाकायचा, आन् वळणात जराशीक रेस ठेवायची. गाडी आपली आपण वळती." तेवढ्यात समोरून एक बाई डोक्यावर भरलेली घागर घेऊन बांधाकडे वळली. "ती बगा. आदी चाल कमी केली, मग वळली. वळता वळता मधीच थांबली असती तर? घागर खाली. तिला कुणी शिकवलं? पन आपल्या ड्रायव्हर लोकांला सांगावं लागतं."

हे सांगणं त्यांनी मनावर घेतलं होतं. उन्हाळ्यात कापसाच्या जिनिंगचं मैदान मोकळं पडायचं. दर रविवारी तिथे पाथरी, मानवत, सेलूच्या स्टँडवरची तरणी ड्रायव्हर मंडळी आपापल्या जीपा घेऊन यायची. मारोतराव जमिनीवर चुन्याने एक वळण आखायचे आणि वळणाच्या तोंडाशी एक आडवी रेघ ओढायचे. रेघेच्या अलीकडे ब्रेक हवा तेवढा मारा. रेघ ओलांडली की ब्रेकवर पाय नको. बाहेर उभे राहून त्यांना गाडीच्या नाकावरून कळायचं, कारण ब्रेक लागला की नाक खाली जातं.

"दत्त्या! दाबलास!" ते ओरडायचे.

"न्हाई वस्ताद, आईशपथ न्हाई!"

"गाडीनं मान खाली घातली की रे, तुझ्यापायी लाजून! पुन्हा रेघेच्या पलीकडं पाय पडला तर तंगडी मोडीन."

हा दत्ता पाथरीच्या स्टँडवर काळी-पिवळी चालवायचा. तोंडाळ होता, आणि त्यांचा सगळ्यांत लाडका चेला होता. दसऱ्याला स्टँडवरच्या गाड्यांची पूजा झाली की ही सगळी पोरं आपट्याची पानं घेऊन आधी मारोतरावांकडे यायची, मग आपापल्या घरी जायची. ऑफिसच्या आवारात साहेबांपेक्षा त्यांच्या ड्रायव्हरच्या पाया पडायला जास्त माणसं, हे मी दरवर्षी पाहिलं. त्यांना पगार आमच्यापेक्षा कितीतरी कमी होता. पण जिल्ह्यात त्यांचं एक नाव होतं, आणि ते नाव त्या चुन्याच्या रेघेवर उभं होतं.

मलाही शिकायची हौस आली. "शिकायला हरकत न्हाई," मारोतराव म्हणाले, "पन आदी लायसन काढा साहेब." मी काढतो काढतो म्हणत राहिलो. दौऱ्यावर मोकळा रस्ता लागला की मी मागणी करायचो, ते नाराजीने बाजू बदलायचे आणि डावीकडच्या सीटवर बसून मला सांगत राहायचे. सरकारी गाडी, लायसन नाही, आणि चालवणारा ऑफिसातला दोन नंबरचा अधिकारी. हे उघड झालं तर काय होईल हे दोघांनाही माहीत होतं. सहा महिन्यांत मला गाडी बरी जमायला लागली. निदान मला तसं वाटायला लागलं.

त्या दिवशी आम्ही वालूरहून परत येत होतो. मार्गशीर्षातली दुपार. निघण्याआधी तिथल्या पोस्टातून मी ऑफिसला फोन लावला, तेव्हा कळलं की बढतीच्या यादीत माझं नाव आहे. मी हवेत होतो. गाव संपताच मी जीप मागून घेतली. उसाच्या तोडीचे दिवस होते. ट्रॅक्टरच्या चाकांनी रानातली काळी माती डांबरावर आणून टाकलेली, आणि पुढे चारी फुटून तिचं पाणी रस्त्यावर आलेलं. सासूचं वळण दिसलं.

"आत्ता मारा," मारोतराव म्हणाले.

"बघतो मी," मी म्हणालो.

"साहेब, आत्ता."

मी काट्याकडे पाहिलं. सत्तर होतं. लांबून वळण ऐसपैस दिसत होतं. मी तसाच आत शिरलो आणि ते आवळायला लागलं. पुढे चिखलाचा काळा पट्टा चमकला. मी घाबरलो आणि होती नव्हती ती ताकद लावून ब्रेक दाबला. मारोतराव ओरडले, "पाय काढा! साहेब, पाय उचला!" मला ऐकू आलं. अर्थही कळला. तरी पाय उचलला नाही, उलट आणखी दाबला. चाकं जाम झाली. मी स्टेअरिंग फिरवत होतो आणि ते जणू दुसऱ्याच कुठल्या गाडीचं होतं. जीप सरळ गेली, रस्ता सोडून कापसाच्या रानात उतरली आणि डाव्या कुशीवर आडवी झाली.

वळणात ब्रेक मी दाबला. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

मला खरचटलंही नव्हतं. मारोतराव खालच्या बाजूला होते, त्यांचं डावं मनगट दाराच्या लोखंडाखाली सापडलं होतं. त्यांनी आधी उजव्या हाताने किल्ली बंद केली. मग विचारलं, "साहेब, लागलं का कुठं?"

आम्ही कसेबसे बाहेर आलो. ते बांधावर बसले, मनगट मांडीवर धरून. ते मनगट नको त्या बाजूला वळलेलं होतं. लांबून उसाच्या टोळीतली माणसं पळत येताना दिसली.

"लोक यायलेत," मारोतराव म्हणाले. "ऐका. गाडी मी चालवत होतो."

"मारोतराव, असं कसं?" मी म्हणालो. एकदाच म्हणालो.

"तुमच्याकडं लायसन न्हाई. यादीत नाव आलंय आजच. माझं काय, ड्रायव्हरला आयुष्यात एक ॲक्सिडेंट माफ असतो. जनावर आडवं आलं म्हना, राड तुटला म्हना, काय बी म्हना. फकस्त..." कळ आली म्हणून ते थांबले. "फकस्त मी वळणात ब्रेक मारला असं कुठं लिहू नका. येवढं सांभाळा."

"नाही लिहिणार."

"शब्द?"

"शब्द," मी म्हणालो.

दहा-बारा दिवसांनी चौकशी झाली. आलेले अधिकारी मऊ बोलणारे होते. बरोबर मेकॅनिक होता. रस्त्यावरच्या काळ्या खुणा अजून दिसत होत्या. त्यांनी टेप लावून मोजल्या. त्या वळणाच्या चांगल्या आत सुरू होत होत्या. मेकॅनिक म्हणाला, गाडीत दोष नाही. ब्रेक, टायर, रॉड सगळं ठीक आहे. मी म्हणालो, जनावर आडवं आलं.

"कसलं जनावर?"

"म्हैस," मी म्हणालो.

त्यांनी शेजारच्या रानातल्या शेतकऱ्याला हाक मारली. तो म्हणाला, "म्हैस? हिकडं कुणाकडं म्हैस न्हाई बा. बैलं हायत, ती तवा औताला जुंपली होती." सगळे हसले. मीही हसलो.

ऑफिसात आल्यावर अधिकाऱ्यांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "हे बघा, दोनच गोष्टी उरतात. गाडीत दोष, नाहीतर ड्रायव्हरमध्ये. मेकॅनिकला मी पुन्हा बारकाईने बघायला सांगू शकतो. तुम्ही प्रत्यक्ष गाडीत होता. काय ते लिहून द्या." आणि ते चहाला गेले.

तिसरी गोष्ट माझ्याशिवाय त्या खोलीत कोणाला माहीत नव्हती. ती मी लिहिणार नव्हतो, तेवढं मी मनाशी आधीच ठरवून टाकलं होतं. राहिल्या दोन. गाडीत दोष आहे असं लिहिलं तर देखभालीची वही काढली जाणार, आणि जीप सुस्थितीत असल्याची दर महिन्याची सही त्या वहीत माझी होती. चौकशी माझ्याकडे वळली असती. बढती गेलीच असती असं नाही. लांबली असती, कदाचित ताकीद मिळाली असती. एवढंच. त्या एवढ्याशासाठी मी लिहिलं, "वाहनचालकाने वळणात अचानक ब्रेक दाबल्यामुळे वाहनावरील ताबा सुटला." अक्षर चांगलं आलं होतं. खाली सही केली.

मग मारोतरावांना बोलावलं. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. अधिकाऱ्यांनी माझा जबाब वाचून दाखवला. मारोतराव भिंतीकडे बघत ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "साहेब, ते ब्रेकचं पुन्हा एकदा वाचा."

अधिकाऱ्यांनी पुन्हा वाचलं.

मारोतरावांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. आपल्याला नीट ऐकू आलं का, एवढंच ते माझ्या तोंडावर शोधत होते.

"मान्य आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "एवढे जुने ड्रायव्हर तुम्ही, आणि वळणात ब्रेक?"

"मान्य हाय," मारोतराव म्हणाले आणि उजव्या हाताने सही केली.

मी आधीच बाहेर पडून व्हरांड्यात खांबाशी उभा होतो. ते बाहेर आले, जवळून जाताना थांबले आणि म्हणाले, "पानी पिऊन घ्या साहेब. तोंड सुकलंय तुमचं."

मनगट पुढे नीट जुळलं नाही. गाडी त्यांच्याकडून काढून घेतली आणि त्यांना शिपायाच्या जागेवर घेतलं. ज्या टेबलांवरून साहेब लोक उठून त्यांच्या जीपमध्ये बसायचे, त्याच टेबलांवर ते आता पाण्याचे ग्लास ठेवायला लागले. उजव्या हाताने ठेवायचे, डावा पाठीमागे घ्यायचे. माझ्याशी वागणं होतं तसंच राहिलं. फक्त रस्त्यांबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत. कोणत्याही वळणाचं नाव मी त्यांच्या तोंडून परत ऐकलं नाही.

जबाबातलं वाक्य ऑफिसातून बाहेर कसं गेलं कोण जाणे, पण आठ दिवसांत ते प्रत्येक स्टँडवर पोचलं होतं. एका दुपारी दत्ता ऑफिसात आला. मी टेबलाशी होतो, मारोतराव माझा ग्लास भरत होते. दत्ताला माझं भान नव्हतं.

"वस्ताद, पोरं काय काय बोलायलीत. मी दोघांच्या कानफटात मारली. तुमच्या तोंडानं सांगा. वळणात ब्रेक मारला का तुमी?"

मारोतरावांनी तांब्या खाली ठेवला. "मारला."

"थट्टा करू नका."

"मारला म्हनलं ना."

दत्ता एक पाऊल मागे सरला. "मग आमाला काय खामखा उन्हात तळलं का इतकी वर्षं? आमच्या तंगड्या मोडाया निघाला होता की!" त्याचा आवाज फाटला. "चुना बी आमीच आणायचो तुमचा." एवढं बोलून तो गेला.

मी तीन हातांवर बसलो होतो. फायलीतलं एक पान उलटलं, मग तेच पुन्हा सुलटं केलं. मारोतरावांनी ग्लासावर झाकण ठेवलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. त्या उन्हाळ्यात जिनिंगच्या मैदानात कोणी आलं नाही. दसऱ्याला ते नेहमीसारखी धुतलेली टोपी घालून आवारात बसले होते. संध्याकाळी उठून घरी गेले.

अपघात अंगावर घ्यायची तयारी त्यांनी स्वतःहून दाखवली होती, ती मी घेतली, हे एक. पण त्यांनी जी एकच वस्तू स्वतःकडे ठेवायची म्हणून मागून घेतली होती, तीही मी घेतली. आणि तिची मला गरजही नव्हती.

मला बढती मिळाली, बदली झाली. जिल्हे फिरलो, निवृत्त झालो, परभणीला परत येऊन घर बांधलं. या सगळ्या काळात मी त्यांची माफी मनात किती वेळा मागितली असेल त्याला मोजमाप नाही. अंघोळ करताना, देवासमोर, दुसऱ्या कोणाच्या जीपमध्ये बसून वळण आलं की. चार वर्षांपूर्वी एकदाचा निघालो. सेलूला उतरून वालूरची जीप धरली. ते वळण आता राहिलेलं नाही, रस्ता रुंद करताना सरळ करून टाकलंय. कुठून गेलो ते कळलंही नाही.

मारोतराव ओसरीवर बसले होते. ऐंशीच्या घरातले, वाळलेले, पण मला पाहताच उठून उभे राहिले. "माझे साहेब आले," असं त्यांनी आत ओरडून सांगितलं. सूनबाईंनी चहा आणला. नातू विष्णू घरीच होता. पंचविशीतला, पिकअप चालवणारा, सेलूच्या बाजारात भाजीपाला नेणारा. तब्येतीच्या गोष्टी झाल्या. मी चहाचा घोट घेतला आणि बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात विष्णूच म्हणाला, "साहेब, तुमी होता ना त्या जीपमधी?"

"कुठल्या?"

"आबानं पलटी केली ती!" तो हसायला लागला. "आबा मला रोज शिकवायलाय, वळणाच्या आदी ब्रेक मार, वळणाच्या आदी ब्रेक मार. म्हनलं आबा, तुमी स्वतः काय केलं ते साऱ्या तालुक्याला ठाव हाय!"

"गप रे," सूनबाई म्हणाल्या, पण पदराआड त्याही हसत होत्या. "मामंजी बी कमी न्हाईत. इतकं झालं तरी शिकवायची खोड जात न्हाई."

म्हणजे घरातही त्यांनी सांगितलं नव्हतं. बायकोला, मुलाला, कोणालाच नाही. मी माझा शब्द दहा-बारा दिवसही पाळला नव्हता. माझ्यासाठी बोललेलं खोटं त्यांनी स्वतःच्या ओसरीवर तीस वर्षं पाळलं होतं.

"सांगा ना साहेब," विष्णू म्हणाला. "खरंच आबानं वळणात ब्रेक मारला का?"

मारोतरावांनी वर पाहिलं. त्या जबाबाच्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे असं सरळ पाहिलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं नाही, डोळ्यांनी खुणावलं नाही. ते वाट बघत होते. मला लायसनची भीती उरली नव्हती, नोकरी नव्हती, यादी नव्हती. एक वाक्य बोलायचं होतं.

"फार जुनी गोष्ट झाली रे," मी म्हणालो. "आता कोणाला आठवतंय."

मारोतरावांनी नजर खाली घेतली. मग सुनेला म्हणाले, "साहेबांचा च्या निवला. गरम करून द्या."

ते मला स्टँडपर्यंत सोडायला आले. दहा मिनिटांची वाट. वाटेत कोणी नव्हतं आणि मी ठरवलं की आता बोलायचं. शब्द तयार होते, घरून पाठ करून आणले होते: मारोतराव, मी शब्द मोडला, माझं चुकलं, मला माफ करा. मारोतराव यंदाच्या कापसाबद्दल, गुडघ्यांबद्दल बोलत होते. आमच्या बाईसाहेब कशा आहेत ते त्यांनी दोनदा विचारलं. त्यांचं बोलणं संपू दे म्हणून मी थांबलो, मग संपलं तरी थांबलो. जीप भरत आली होती. "चला काका, एकच सीट हाय," ड्रायव्हर म्हणाला. मी चढलो आणि खिडकीशी बसलो. मारोतरावांनी तो वाकडा डावा हात खिडकीच्या कडेवर ठेवला. इंजिन सुरू झालं तरी त्यांनी तो काढला नाही.

"आजोबा, हात काढा," ड्रायव्हर म्हणाला.

त्यांनी हात काढला. मी खिडकीतून वाकलो, तोंड उघडलं आणि म्हणालो, "येतो मारोतराव."

"या," ते म्हणाले.